डॉक्टरांनी आईलाच विचारले, "तुम्हाला काय हवे आहे?"

सायली_दादर (९ जून, रात्री १०.२०)

नमस्कार. माझी आई ६८ वर्षांची आहे. महापालिकेच्या शाळेत मराठी शिकवून ती निवृत्त झाली आणि सध्या डोंबिवलीला भावाकडे राहते. मागच्या महिन्यात तिच्या डाव्या स्तनात अडीच सेंटिमीटरची गाठ निघाली आणि बायोप्सीत तो कर्करोग असल्याचे स्पष्ट झाले. काखेतल्या ग्रंथी सोनोग्राफीत तरी साध्या दिसत आहेत. काल शल्यचिकित्सकांनी आमच्यासमोर दोन मार्ग ठेवले. पहिल्यात गाठ आणि तिच्याभोवतीचा थोडा भाग काढायचा, स्तन राखायचा आणि नंतर तीन आठवड्यांत पंधरा वेळा शेक घ्यायचा (रेडिएशनला आमच्याकडे सगळे शेकच म्हणतात). दुसऱ्यात पूर्ण स्तन काढायचा, म्हणजे बहुधा शेक लागणार नाही. आयुष्याच्या दृष्टीने दोन्ही सारखेच, असे सांगून ते आईकडे वळले आणि म्हणाले, "मावशी, तुम्हाला काय हवे आहे?"

आई म्हणाली, "तुम्ही म्हणाल ते." त्यावर त्यांनी आठवडाभर विचार करून यायला सांगितले.

बाहेर आल्यावर भाऊ चिडला. एवढी फी घेऊन निर्णय आपल्याच गळ्यात घालायचा असेल तर डॉक्टर कशाला, असे त्याचे म्हणणे. आई लोकलमध्ये खिडकीबाहेर पाहत बसली आणि ठाणे येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. मी स्वतः स्तन राखावा या मताची आहे, हे आधीच सांगून टाकते. माझा प्रश्न असा की तुमच्या घरी हा निर्णय कोणी घेतला, रुग्णाला त्यात खरोखर भाग घेता आला का, आणि आता मागे वळून पाहताना ते बरे झाले असे वाटते का?

जुना_गिरगावकर (९ जून, रात्री ११.०५)

तुमच्या बंधूंची चिडचिड मला समजते. २०११ साली माझ्या मोठ्या आतड्यात गाठ निघाली. डॉक्टर टक्केवारी सांगू लागले तेव्हा मी हात जोडून त्यांना थांबवले. आयुष्यभर बँकेत आकडेमोड केली, पण स्वतःच्या जिवाची टक्केवारी ऐकायची माझी तयारी नव्हती. "तुम्हाला योग्य वाटेल ते करा, मला फक्त कधीपासून उपाशी राहायचे तेवढे सांगा," असे मी म्हणालो आणि त्यांनी ते मानले. शस्त्रक्रिया झाली, केमो झाली आणि आज मी हा प्रतिसाद लिहितो आहे. पंधरा-वीस वर्षे हाच अभ्यास केलेल्या माणसाने, रोगाचे नाव कालपरवा ऐकलेल्या माणसाला "तुम्हीच ठरवा" म्हणावे, यात मला लोकशाही कमी आणि अंग काढून घेणे जास्त दिसते.

शल्यक_ठाणे (१० जून, सकाळी ६.४०)

मी शल्यचिकित्सक आहे. सायली यांच्या आईंचे कागद मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे पुढचे सगळे सर्वसाधारण समजावे.

डॉक्टर विचारतो तेव्हा तो दर वेळी अंग काढून घेत असतो असे नाही. काही प्रश्नांना वैद्यकशास्त्राचे उत्तरच मुळी "दोन्ही सारखे" असे असते. अमेरिकेत १९७६ पासून १,८५१ स्त्रियांवर झालेल्या एका चाचणीत तीन गट पाडले होते. एका गटात पूर्ण स्तन काढला, दुसऱ्यात फक्त गाठ काढली आणि तिसऱ्यात गाठ काढून शेक दिला. वीस वर्षांच्या पाठपुराव्याचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा जगण्याच्या प्रमाणात तिन्ही गटांत फरक आढळला नाही. स्तन राखलेल्यांच्या त्याच स्तनात आजार परतण्याचे प्रमाण मात्र वेगळे होते: शेक घेतलेल्यांत सुमारे १४ टक्के आणि न घेतलेल्यांत सुमारे ३९ टक्के. थोडक्यात, आयुष्याचा प्रश्न शास्त्राने सोडवून दिला आहे. उरतो तो शरीराचा, भीतीचा, रोजच्या प्रवासाचा आणि घरातल्या माणसांचा प्रश्न, आणि त्याचे उत्तर माझ्या कोणत्याही पुस्तकात नाही.

याच्या उलट उदाहरण आपल्या मुंबईतलेच आहे. तोंडाचा कर्करोग सुरुवातीच्या टप्प्यात असेल तर मानेतल्या ग्रंथी आधीच काढाव्यात की पुढे कधी सुजल्या तर काढाव्यात, यावर अनेक वर्षे वाद चालू होता. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयातल्या चाचणीने तो मिटवला. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, आधीच काढलेल्यांपैकी ८० टक्के रुग्ण तीन वर्षांनी हयात होते आणि वाट पाहिलेल्यांपैकी साडेसदुसष्ट टक्के. अशा रुग्णाला मी "मानेवर व्रण चालेल का?" असे मोघम विचारत नाही. ग्रंथी काढायला हव्यात असे मी सांगतो आणि का ते सांगतो. तो नाही म्हणू शकतो, तो त्याचा अधिकार आहे. पण दोन्ही पर्याय सारखेच आहेत असे भासवणे ही त्याची फसवणूक होईल.

खारी_बिस्कीट (१० जून, सकाळी ९.१५)

म्हणजे डॉक्टरांनी विचारले तर निश्चिंत राहायचे आणि विचारले नाही तर घाबरायचे, असे समजू का? आमच्या घरी नेमके उलटे चालते.

शल्यक_ठाणे (१० जून, सकाळी ९.५०)

खारी_बिस्कीट, दोन्ही वेळा न घाबरता "हे तुम्ही मला का विचारता आहात?" किंवा "का विचारत नाही आहात?" एवढे मात्र जरूर विचारावे.

कायद्याची_खिडकी (१० जून, दुपारी १.३०)

वकील या नात्याने एक मुद्दा मांडते, कारण घरोघरी असा समज असतो की संमतीपत्रावर "घरातल्या जबाबदार माणसाने" सही केली की झाले. समीरा कोहली यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००८ मध्ये हा समज स्पष्टपणे खोडून काढला. त्या ४४ वर्षांच्या होत्या आणि त्यांची संमती केवळ दुर्बिणीने तपासणी करण्यापुरती होती. त्या भुलीखाली असताना, बाहेर बसलेल्या त्यांच्या आईला विचारून गर्भाशय आणि अंडाशये काढण्यात आली. रुग्ण सज्ञान आणि निर्णय घेण्यास समर्थ असेल आणि थांबल्याने जिवाला धोका नसेल, तर त्याच्या जागी नातेवाइकाने दिलेली संमती चालत नाही, असे न्यायालयाने सांगितले. तपासणीला दिलेली संमती ही उपचाराला दिलेली संमती ठरत नाही, हेही त्याच निकालातले. उपचाराचे स्वरूप, त्यातले मोठे धोके, दुसरे पर्याय आणि उपचार नाकारल्यास काय होईल, हे सगळे रुग्णाला समजेल अशा रीतीने सांगणे हे डॉक्टरांचे कर्तव्य आहे. त्यामुळे सायली यांच्या डॉक्टरांनी मुलगा आणि मुलगी शेजारी असतानाही आईंकडे वळून विचारले, ते उत्तमच केले.

एक व्यवहारातली गोष्टही सांगते. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यायचे असेल तर फाइलच्या प्रती मागायला संकोच करू नका. मागणी केल्यापासून ७२ तासांत कागद द्यावेत, असे भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांत आहे. मागणी लेखी करावी आणि पोच घ्यावी.

माहेर_रत्नागिरी (१० जून, रात्री ९.४५)

आमच्याकडे विचारण्याचा प्रश्नच आला नाही, कारण सांगितलेच नव्हते. बाबांना जठराचा कर्करोग होता. आम्ही तिघा भावंडांनी "अल्सर आहे, औषधाने बरा होईल" असे ठरवून टाकले आणि डॉक्टरांनाही केबिनबाहेर गाठून तसेच सांगायला लावले. केमोच्या बाटलीला आम्ही "ताकदीचे सलाइन" म्हणत असू. रुग्णालयाच्या फाटकावर मोठ्या अक्षरांत "कर्करोग" लिहिलेले होते आणि बाबा रोज सकाळी चष्मा न लावता वर्तमानपत्र वाचणारे होते. आम्ही नेमके काय समजून चाललो होतो, हे आज सांगता येत नाही.

ते गेल्यावर त्यांचे पासबुक आणि मुदत ठेवींच्या पावत्या काढल्या. सगळीकडे वारस म्हणून आईचे नाव नव्याने घातलेले होते आणि त्याची तारीख पहिल्या तपासणीनंतर दोन दिवसांची होती. म्हणजे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. आम्ही त्यांच्यापासून लपवत होतो आणि ते आमच्यापासून. तिसऱ्या केमोनंतर त्यांना फार त्रास झाला. त्यांना पुढची केमो नको असेल, गावी जायचे असेल, हे आता वाटते. पण ते बोलणार तरी कसे? अल्सरच्या माणसाने "आता उपचार पुरे" असे म्हणायची सोयच आम्ही ठेवली नव्हती.

जुना_गिरगावकर (१० जून, रात्री १०.३०)

माहेर_रत्नागिरी, तुमचा प्रतिसाद वाचून बराच वेळ काही लिहावेसे वाटले नाही. माझ्या पहिल्या प्रतिसादात एक भर घालतो. मला आजाराचे नाव ठाऊक होते, तो कुठवर पसरला आहे तेही ठाऊक होते. आकडे नकोत, हे मी माझ्या तोंडाने सांगितले होते. तुमच्या वडिलांच्या वतीने ते दुसऱ्यांनी सांगितले. वरून या दोन गोष्टी सारख्या दिसतात, पण तशा त्या नाहीत, हे मला मान्य आहे.

आकडेप्रेमी (११ जून, सकाळी ८.१०)

लपवण्याची रीत फक्त आपल्याकडची आहे असे मानण्याचे कारण नाही. १९६१ साली अमेरिकेतल्या एका पाहणीत ९० टक्के डॉक्टरांनी सांगितले होते की कर्करोगाचे निदान रुग्णाला न सांगण्याकडेच त्यांचा कल आहे. १९७९ साली तीच प्रश्नावली पुन्हा वापरली, तेव्हा ९७ टक्के डॉक्टर सांगण्याच्या बाजूने होते. अठरा वर्षांत हा सगळा पालट झाला.

गिरगावकरांच्या मुद्द्यासाठी कॅनडातली एक पद्धत सांगण्यासारखी आहे. तिथल्या परिचर्या संशोधकांनी रुग्णांना पाच चित्रपत्ते देऊन आपल्या पसंतीप्रमाणे लावायला सांगितले. "मीच ठरवीन" पासून "डॉक्टरांनीच ठरवावे" पर्यंत पाच पायऱ्या आणि मधोमध "दोघांनी मिळून". ही मोजपट्टी १९९७ पासून जगभर वापरली जाते. तिच्यामागचा विचार असा की कोणता उपचार हवा, हे विचारण्याआधी निर्णयात किती भाग घ्यायचा आहे, हेच रुग्णाला विचारावे. गिरगावकरांनी पाचवा पत्ता उचलला. तो त्यांनी स्वतः उचलला, म्हणून तोही सहभागच.

जुना_गिरगावकर (११ जून, सकाळी ८.४०)

बँकेत असताना दुपारच्या सुट्टीत पत्ते पुष्कळ खेळलो, पण असा डाव पहिल्यांदाच ऐकला.

तिकीट_तिकीट (११ जून, दुपारी ४.००)

मी बेस्टमध्ये वाहक होतो. सात वर्षांपूर्वी स्वरयंत्राचा कर्करोग निघाला. एका रुग्णालयात (नाव लिहीत नाही) मला सांगण्यात आले की एकतर स्वरयंत्र काढावे लागेल आणि गळ्याला छिद्र राहील, नाहीतर केमो आणि शेक एकत्र घेऊन आवाज वाचवण्याचा प्रयत्न करता येईल. "तुम्ही वाहक, तुम्हाला आवाज लागणारच," असे डॉक्टर स्वतःच म्हणाले, घरचेही तेच म्हणाले आणि मीही मान डोलावली. सात आठवड्यांत ३५ वेळा शेक घेतला. आवाज वाचला, थोडा घोगरा झाला एवढेच.

गिळण्याबद्दल मात्र कोणी काही बोलले नव्हते. तोंडाला लाळ सुटत नाही, त्यामुळे भाकरी आमटीत कुस्करून, प्रत्येक घासाला पाणी पिऊन खावी लागते. पंगतीत मी बसत नाही, कारण माझा दुसरा घास होईपर्यंत वाढपी ताक घेऊन आलेला असतो. आधी कळले असते तर मी वेगळे ठरवले असते का? बहुधा नाही. पण तेव्हापासूनच गिळण्याचे व्यायाम करा, असे कोणी सांगितले असते तर मी ते केले असते. त्या व्यायामांबद्दल मला वर्षभराने, दुसऱ्याच रुग्णाकडून, बाकावर बसल्या बसल्या कळले. मला निर्णयात घेतले होते, हे खरे. पण मला काय लागेल, ते माझ्या बिल्ल्यावरून ठरवले होते.

शल्यक_ठाणे (११ जून, सायंकाळी ७.२०)

तिकीट_तिकीट, तुमची तक्रार रास्त आहे आणि ती आमच्या व्यवसायाने मुकाट ऐकून घ्यायला हवी. स्वरयंत्र राखण्याच्या उपचाराला १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीने मोठा आधार दिला. दोन्ही गटांत जगण्याचे प्रमाण सारखे होते आणि केमो-शेक गटातल्या सुमारे दोन तृतीयांश रुग्णांचे स्वरयंत्र टिकले होते. तेव्हापासून आम्ही "स्वरयंत्र टिकले" असे अभिमानाने सांगतो. टिकलेले स्वरयंत्र घेऊन माणूस जेवतो कसा, हा प्रश्न आम्ही उशिरा विचारू लागलो.

मुलुंड_पश्चिम (११ जून, रात्री १०.१०)

माझा निर्णय "काहीही न करण्याचा" होता आणि तो घरच्यांच्या गळी उतरवणे सर्वांत अवघड गेले. प्रोस्टेटचा कर्करोग, कमी जोखमीचा. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया, शेक आणि नुसती देखरेख असे तीन पर्याय दिले. ब्रिटनमध्ये १,६४३ पुरुषांवर झालेल्या चाचणीत पंधरा वर्षांनंतर या आजाराने दगावलेल्यांचे प्रमाण तिन्ही गटांत तीन टक्क्यांच्या आसपास होते, हेही त्यांनी दाखवले. देखरेखीच्या गटात आजार पसरण्याचे प्रमाण जास्त होते, हे त्यांनी लपवले नाही. लघवीवरचा ताबा जाण्याची मला जास्त धास्ती होती, म्हणून मी देखरेख निवडली.

आता दर काही महिन्यांनी पीएसए (प्रोस्टेटच्या आजाराची खूण सांगणारी रक्ताची चाचणी) तपासतो. अहवाल येण्याआधीचे दोन दिवस घरात कोणी मोठ्याने बोलत नाही. मेहुणे दर दिवाळीला "अजून काढले नाही का?" असे विचारतात, जणू मी जुना सोफा ठेवून घेतला आहे. सांगायचे ते हे की रुग्णाने ठरवले म्हणून प्रश्न मिटत नाही. त्या निर्णयासोबत राहावे लागते आणि घरच्यांनाही त्यासोबत राहावे लागते.

परळ_नाका (१२ जून, सकाळी ११.३०)

मी गेली काही वर्षे दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत आठवड्यातून एकदा मदतीला जातो. तिथे उतरलेल्या रुग्णांसमोर हा धागा वाचला तर ते विनयाने ऐकून घेतील आणि मग विचारतील, "यातले योजनेत काय बसते?" स्तन राखायचा तर पंधरा वेळा शेक, म्हणजे तीन आठवडे मुंबईत राहणे, सोबतच्या माणसाची मजुरी बुडणे आणि गावाकडे म्हशीला कोण पाहणार हा प्रश्न. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत उपचाराचे पैसे भागतात, म्हशीचे भागत नाहीत. मराठवाड्यातल्या एका बाईने मला सांगितले, "डॉक्टरांनी विचारलं, काय करू? मी म्हटलं, ज्यानं लवकर घरी जाता येईल ते करा." ही तिची निवड होती की नाइलाज, हे मला आजही ठरवता आलेले नाही.

डॉक्टरांनी पर्याय सांगताना खर्चही सांगितला पाहिजे, आणि पर्यायच स्वस्त करता येतो का हेही पाहिले पाहिजे. टाटा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी ते करून दाखवले आहे. डोके-मानेच्या बळावलेल्या कर्करोगात निव्होलुमॅब हे महागडे औषध नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी, म्हणजे तीन आठवड्यांतून एकदा फक्त २० मिलिग्रॅम, इतर स्वस्त गोळ्यांसोबत देऊन पाहिले. एका वर्षानंतर हयात असलेल्यांचे प्रमाण सुमारे १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेले. हे निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले. त्याआधी धर्मशाळेतल्या अशा रुग्णांपैकी बहुतेकांना हे औषध अस्तित्वात आहे हे सांगणेही क्रूरपणाचे वाटले असते.

खारी_बिस्कीट (१२ जून, दुपारी १२.१५)

परळ_नाका, या वेळी विनोद सुचत नाही.

सायली_दादर (१२ जून, रात्री ११.४०)

सर्वांचे प्रतिसाद मी भावालाही वाचायला दिले. त्याने सगळे वाचले आणि "पण मग आपण नेमके विचारायचे काय?" असे विचारले. मला उत्तर देता आले नाही. आई अजूनही "तुम्ही ठरवा" एवढेच म्हणते. मंगळवारी डॉक्टरांना "तुमची स्वतःची आई असती तर काय केले असते?" असे सरळ विचारावे का?

शल्यक_ठाणे (१३ जून, सकाळी ७.००)

हा प्रश्न मला आठवड्यातून दोनदा तरी विचारला जातो आणि प्रत्येक वेळी मी अडखळतो. माझी आई इंजेक्शनला घाबरते, एकटी राहते आणि तिला आरशाची फार हौस आहे. तिच्यासाठी मी जे निवडीन ते तुमच्या आईंना लागू पडेलच असे नाही. त्याऐवजी असे विचारावे: "आमच्या आईंबद्दल तुम्हाला आता जे कळले आहे, त्यावरून तुम्ही काय सुचवाल?" या प्रश्नात आधी आम्हाला काहीतरी कळलेले असावे लागते, हा त्याचा फायदा.

आईंना "काय हवे?" असे विचारू नका. ज्या स्त्रीने आयुष्यभर घरातल्या सर्वांना काय हवे ते विचारले, तिला हा प्रश्न परका वाटू शकतो. "कशाची भीती वाटते?" आणि "कशाचा कंटाळा येईल?" असे विचारून पाहा. आणखी एक: साठीच्या पुढच्या काही रुग्णांत, गाठ लहान आणि हार्मोनला प्रतिसाद देणारी असेल, ग्रंथींत काही नसेल आणि पुढे हार्मोनच्या गोळ्या नियमित घ्यायच्या असतील, तर गाठ काढल्यावर शेक टाळण्याचाही विचार होतो. ६५ वर्षांवरच्या स्त्रियांच्या एका चाचणीत दहा वर्षांनी जगण्याचे प्रमाण सारखेच होते. त्याच स्तनात आजार परतण्याचे प्रमाण मात्र शेक न घेतलेल्यांत साडेनऊ टक्के होते आणि घेतलेल्यांत एक टक्क्याहून कमी. तो पर्याय तुमच्या आईंना लागू आहे का, एवढे विचारून घ्या.

परिचारिका_कांदिवली (१३ जून, दुपारी ३.२०)

एकच जोडते, कारण हा धागा पहिल्या निर्णयापाशी थांबला आहे आणि निर्णय पुढेही येत राहतात. वेदनाशामक विभागात पाठवले की नातेवाईक समजतात, आता सगळे संपले. २०१० साली फुप्फुसाच्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांवर झालेल्या चाचणीत, नेहमीच्या उपचारांसोबत सुरुवातीपासूनच ही सेवा मिळालेल्यांना शेवटच्या दिवसांत आक्रमक उपचार कमी मिळाले, आणि तरीही ते इतरांपेक्षा सरासरी अडीच-पावणेतीन महिने जास्त जगले. शेवटच्या टप्प्यातल्या कर्करुग्णांची काळजी घेणारे वांद्र्याचे शांती अवेदना सदन १९८६ पासून आहे, पण त्याचे नाव घेतले की आजही घरात शांतता पसरते. शेवटी कृत्रिम श्वास नको, असे रुग्णाला वाटत असेल तर ते आधी लिहून ठेवण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली मान्य केला आणि २०२३ साली त्याची प्रक्रिया सोपी केली. आता नोटरीसमोर किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर साक्षांकन चालते. सायलीताई, तुमच्या आईंच्या बाबतीत आज याची काहीच गरज नाही. इतर वाचकांसाठी लिहिले.

माहेर_रत्नागिरी (१३ जून, सायंकाळी ६.००)

परिचारिकाताई, हे आम्हाला तेव्हा कोणी सांगायला हवे होते. आणि आम्ही ते ऐकायला हवे होते.

सायली_दादर (१७ जून, रात्री १०.५०)

आज डॉक्टरांकडे जाऊन आलो. काय झाले ते सविस्तर लिहिते.

रविवारी दुपारी आई भाजी निवडत असताना मी "कशाची भीती वाटते?" असे विचारले. ती म्हणाली, "थांब," आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेचे मागच्या महिन्याचे पान काढून घेऊन आली. त्याच्या पाठीमागे, दुधाच्या हिशेबाखाली, तिने पेन्सिलीने तीन प्रश्न लिहून ठेवले होते. पहिला: वरच्या दोरीवर कपडे वाळत घालता येतील का? दुसरा: स्तन काढूनही शेक लागला तर? तिसरा: परत आला तर कुठे येतो आणि मला कळेल का? हे तिने पहिल्या भेटीच्या रात्रीच लिहिले होते. मग डॉक्टरांना सांगितले का नाहीस, असे विचारल्यावर म्हणाली, "तुम्ही दोघे भांडत होता. मध्ये कशाला बोलायचे?"

आज तिने ते पान डॉक्टरांच्या टेबलावर ठेवले. त्यांनी तिन्ही प्रश्नांची उत्तरे दिली. हात वर जाईल, पण व्यायाम दुसऱ्या दिवसापासूनच सुरू करावे लागतील. ग्रंथींत आजार निघाला तर पूर्ण स्तन काढूनही शेक लागू शकतो, याची खात्री आज देता येत नाही. तिसऱ्या प्रश्नाला त्यांनी सर्वांत जास्त वेळ दिला. मी शेक टाळण्याबद्दल विचारले, पण बायोप्सीत ग्रेड तीन (म्हणजे झपाट्याने वाढणाऱ्या पेशी) आहे आणि लसिकावाहिन्यांतही पेशी दिसल्या आहेत, त्यामुळे त्या मार्गाने जाऊ नये, असे त्यांनी कारणासह सांगितले.

आईने पूर्ण स्तन काढण्याचा पर्याय निवडला. मला वाईट वाटले, हे मान्य करते. मी घरी येताना तिला १,८५१ स्त्रियांची चाचणी पुन्हा समजावू लागले. तिने पूर्ण ऐकून घेतले आणि म्हणाली, "समजले मला. दोन्ही सारखे आहे म्हणतेस ना? मग मी हे घेते. रोज अंघोळीला हात लावून तपासत बसणे मला जमणार नाही." तिला माहिती नाही म्हणून ती असे ठरवते आहे, असे मी आठवडाभर समजत होते. माहिती मिळाल्यावरही तिने तेच ठरवले.

संमतीपत्र मराठीत छापलेले होते. आईने चष्मा लावून पहिल्या ओळीपासून वाचायला घेतले आणि पर्समधले पेन काढून "शस्रक्रिया" हा शब्द तीन ठिकाणी "शस्त्रक्रिया" असा दुरुस्त केला, "सम्मती"तला अर्धा म खोडून स वर अनुस्वार दिला आणि मग खाली सही केली. परिचारिका घाबरून म्हणाली की या कागदावर खाडाखोड चालत नाही, नवीन प्रत भरावी लागेल. नव्या प्रतीत त्याच चुका होत्या. या वेळी आईने पेन थोडा वेळ कागदावर धरून ठेवले आणि नुसती सही केली. भाऊ शेजारीच उभा होता. साक्षीदाराच्या रकान्यात त्याची सही आहे.

शस्त्रक्रिया पुढच्या सोमवारी आहे.

तिकीट_तिकीट (१७ जून, रात्री ११.१५)

हाताचे व्यायाम शस्त्रक्रियेआधीच शिकून घ्या, ताई. कागदावर लिहून मागा.

जुना_गिरगावकर (१७ जून, रात्री ११.३०)

बाईंना माझा नमस्कार सांगा. आणि रविवारी रात्री किती वाजल्यापासून उपाशी राहायचे, ते विचारले आहे ना?